फॉर्ममधली साक्ष

३ जून
ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भरलेला फॉर्म पोचला आणि डोकंच फिरलं. अठ्ठावीस प्रश्न, अठ्ठावीस वेळा एकच उत्तर: 'काही त्रास नव्हता, गुणी मूल.' आक्का, तू माझं लग्न जमवते आहेस का?

डॉक्टरीणबाईंनी तो परत दिला. बावन्नाव्या वर्षी ऑटिझम आहे की नाही हे ठरवायचं, तर लहानपण पाहिलेलं माणूस हवं म्हणाल्या. आई-अण्णा गेले, उरलीस तू.

चष्म्याच्या दुकानात नव्या मालकाने मला काचा घासायच्या मागच्या खोलीतून काढून पुढे गिऱ्हाइकांत बसवलंय. तिथे रेडिओ, फोन, चार जणांची बडबड, सगळं एकदम. परवा एका आजोबांच्या नाकावर चष्मा अर्धवट ठेवून मी बाहेर पळालो. मालक म्हणतो, डॉक्टरांचा कागद आण, मागे बसवतो. नाहीतर दुसरीकडे बघ. वीस तारखेला शेवटची भेट आहे. कोरा फॉर्म जोडलाय. खरं लिही.

तुझा, पण सध्या रागावलेला,
धाकटा

८ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग मलाही येतो म्हटलं! शाळेत फार गेले नसले तरी पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही मी. हे लहान मुलांचं असतं असं वाचलंय. तुला तर टक्कल पडलं! तुझे भावजीही म्हणाले, या वयात कसली नवी खुळं. 'त्याला काही झालेलं नाही' म्हणत जन्मभर लोकांची तोंडं बंद केली, आणि आता मीच उलटी सही करू?

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
आक्का

११ जून
ती. आक्कास,
सा. न.

आई गेली तेव्हा मी तिच्या औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावत बसलो. तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. मीही स्वतःला दगडच समजलो. अजून किती वर्षं समजू?

धाकटा

१५ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फॉर्म सोबत आहे. हाकेला बघायचा का? नाही. बहिरा समजून आई कानाशी भांडं आपटायची. परक्यांशी स्वतः बोलायचा का? नाही, त्याच्या वतीने मी बोलायचे.

पुढचं त्यांनी विचारलेलं नाही, तरी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. मी सासरी आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्यानंतर तू तीन महिने शाळेत एक शब्द बोलला नाहीस. आईने घाबरून पत्र पाठवलं. मी उलट टपाली कळवलं, लाड पुरे झाले, दोन रट्टे घाला, बोलेल. अण्णांनी घातले. तू बोललास, आणि मी शहाणी ठरले.

गुणी मूल, गुणी मूल असं का लिहीत सुटले होते, ते आता तुला कळेल.

डॉक्टरीणबाईंना देण्याआधी तू वाच. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्या पत्रातून घाल. गप्प बसू नकोस.

तुझ्या लोभावर आता हक्क सांगवत नाही, तरी मागते.
आक्का