भंडाऱ्याचा पिवळा

प्रिय मामा,

उद्या चंपाषष्ठी. दरवर्षी आदल्या दिवशी मामी अंगणात चूल मांडते, हंड्यात हळद आणि तुरटी उकळते आणि क्लबाच्या पोरांचे बनियन त्यात बुडवते. उन्हानं विटलेला रंग पुन्हा चढतो. यंदा चूल मांडलीच नाही. विचारायला गेलो तर दारातूनच "कामात हाय" म्हणाली आणि आत गेली. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही गेल्यापासून क्लबाचं काही अडलं की मी मामीकडे जातो. आता मामीच अडलीय, मग कुणाकडे जाऊ?

चूक माझी आहे. सगळं सांगतो, पण तुमच्या सवयीप्रमाणे मधेच उठून जाऊ नका!

आमच्या कुरकुंभच्या कंपनीत नवं मशीन बसवायला ब्राझीलहून एक इंजिनियर आलाय, पावलो. फुटबॉलचं नाव काढलं की ताटावरून उठणारा माणूस. मॅनेजर साहेब म्हणाले, "सदाशिव, तुमच्या खुटबावचा क्लब आहे ना? दाखवा की ह्यांना एक मॅच." मी हुरळलो. ग्राउंडवर पाणी मारून घेतलं, खुर्च्या मागवल्या, माइक लावला. पाहुणा ब्राझीलचा, चेष्टा आहे का!

पोरं मैदानात उतरली आणि पावलो खुर्चीतून उठलाच. त्यानं साहेबांना विचारलं, "आमचा हा पिवळा रंग इथं कसा?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला ठाऊक नव्हतं का? तुमच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट! दौंडला रेल्वेच्या मैदानाकडेला मेंढरं चारताना तुम्ही फुटबॉल पाहिला, गावात येऊन धनगरवाड्यातली पोरं गोळा केली. पहिल्या स्पर्धेत पंच म्हणाले, सगळ्यांचा रंग एक पाहिजे. कापड घ्यायची ऐपत नव्हती, घरचे पांढरे बनियन होते. तुम्ही म्हणालात, "आपल्या देवाचा रंग कुटला? भंडाऱ्याचा. मग इचारायचं काय त्यात!" मामीनं हळद उकळली.

आणि फायनलच्या आधी कुणीतरी शहाण्यानं ते बनियन साबण लावून धुतले! हळदीला साबण लागल्यावर काय होतं, हे घरातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. छातीवर, पाठीवर लालभडक डाग. मेंढरं ओळखू यावीत म्हणून आपण त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतो ना, तसेच दिसत होते सगळे. दौंडची पोरं ओरडली, "मेंढरं आली रं, मेंढरं!" तुम्ही चिडला नाहीत. गोल मारल्यावर त्यांच्यापुढे जाऊन हात वर करून म्हणालात, "व्हय, मेंढरंच हाय आमी. राखा आता!" त्या दिवसापासून गावानं क्लबाला 'मेंढरं' हेच नाव दिलं.

हे सगळं माझ्या ओठांवर होतं, मामा. पण शेजारी साहेब होते. कंपनीत मी कधी कुणाला सांगितलेलं नाही की माझे आजोबा मेंढरामागं हिंडले. 'शेतकरी' म्हणतो आणि विषय बदलतो. मी म्हणालो, "सर, आमच्या मामांना ब्राझीलची टीम फार आवडायची. त्यांच्यावरून घेतला."

तुम्हाला! ज्यांच्या घरात टीव्ही आला तोच उतारवयात!

साहेबांनी लगेच माइक हातात घेतला आणि तेच साऱ्या गावाला ऐकवलं. टाळ्या पडल्या. मामी बायकांमध्ये बसली होती. मी तिकडे पाहिलंच नाही.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं आहे. चहा घेताना पावलो त्याच्या गावच्या क्लबाबद्दल सांगू लागला. लहानसं गाव, वीटभट्ट्यांचं. भट्टीवरच्या मजुरांनी क्लब काढला. दुपारी माती तुडवायची आणि संध्याकाळी त्याच पायांनी खेळायचं. शेजारच्या गावचे त्यांना 'चिखलपाये' म्हणून चिडवायचे. आज त्यांच्या झेंड्यावर चिखलानं माखलेला पाय आहे! "माझा आजा त्या टीममध्ये होता," हे सांगताना त्याची छाती फुगली होती. देशाच्या टीमचा रंग सगळ्यांचा, म्हणाला, पण गावाचा रंग गावाचाच असतो. साहेब कौतुकानं मान डोलवत होते. मी चहात बिस्कीट बुडवत बसलो. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही?

घरी जाताना मामीनं मला गाठलं. "सदा, माजी बोटं पिवळी व्हायची, तवा भाकरी थापताना भाकरी बी पिवळी व्हायची. तुजा मामा हसत हसत खायचा. ती भाकर बी ब्राझीलची व्हय रं?"

मी "मामी, तसं न्हाई..." म्हणेपर्यंत ती पुढं निघूनही गेली. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही.

परवा साहेबांनी क्लबासाठी खोकं पाठवलं. ब्राझीलसारखे तयार टी-शर्ट, नायलॉनचे. त्यावर हळद चढत नाही आणि चढवायची गरजही नाही. पोरं खूश आहेत. त्यांना खरंच वाटतंय की क्लब ब्राझीलवरून निघाला. पावलोनं आपल्या मॅचचा फोटो गावी पाठवला, तर तिकडच्या लोकांनी तो क्लबाच्या भिंतीवर लावला म्हणे. एका वाक्यात मी तुम्हाला पुसून टाकलं हो, आणि तेही तुमचंच नाव घेऊन.

इथवर लिहिलं आणि राहवलं नाही, पुन्हा मामीकडे जाऊन आलो. म्हटलं, "रविवारी टी-शर्ट वाटायचेत. साहेब आन् पावलो दोघं येणारेत. तू चल. काय खरं ते तूच सांग त्यांना."

मामी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कशापायी सांगू? लाज तुला वाटली, मला न्हाई. तूच सांग."

खरंय तिचं. त्यामुळे मामा, तुम्हाला शब्द देतो. रविवारी माइक मी घेईन. साहेब समोर असतील, कंपनीतली माणसंही असतील. कदाचित मागं कुणी हसेलही. तरी सांगेन. तुमचं नाव सांगेन, मग माझ्या आज्याचं सांगेन, आणि आम्ही कोण ते सांगितल्याशिवाय माइक खाली ठेवणार नाही.

तुमचा भाचा,
सदाशिव
धनगराचा पोर