विनीतचं दुखणं माझ्या नावावर

३ नोव्हेंबर, सोमवार
विनीतचा मुंबईहून फोन. झोप येत नाही, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, मनाचं आहे, थेरपिस्ट शोध. एक फोन उचलत नाही, दुसऱ्याकडे जानेवारीपर्यंत नंबर नाही, तिसऱ्याला सगळं इंग्रजीत सांगावं लागतं. शेवटी म्हणाला, आई, आता काहीच नको वाटतं. मी विचारलं, जेवलास का. त्याने फोन ठेवला.

ठरवलं. मुंबईतला थेरपिस्ट मी शोधणार, मालगुंडात बसून. विहिरीवरचा पंप मीच बसवून घेतला, हे काय अवघड.
कुणाला सांगू नको म्हणालाय. माझ्या पोटात गोष्ट राहते.

४ नोव्हेंबर
झोप झाली नाही. शेजारच्या दादूचं कुत्रं भुंकतं.
आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी गंगाराम. त्याला फोन केला, एका ओळखीच्या माणसासाठी हवाय म्हटलं. तो म्हणाला, काकी, ओळखीचा म्हणजे विनीत काय? मी म्हटलं, नाही रे, तुझी बायको. वैतागली म्हणे तुला. छान सांभाळलं.
छातीत धडधडतंय. चहा कमी करायला हवा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
देवळात गाऱ्हाणं घालायला गेले. गुरव नारळ हातात घेऊन थांबला, म्हणाला, नाव सांग. नावाशिवाय देव बघणार कुणाकडे? मागे अर्धी वाडी उभी. पोराचं नाव ओठावर आलेलं गिळलं. म्हटलं, माझंच घाल.
गुरव म्हणाला, ह्या हौसाच्या मनाला जी काय पीडा असेल ती दूर कर रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. इतक्या जोरात? शिमग्याला पण एवढा आवाज निघत नाही यांचा. एकाला तरी नवल वाटावं. दादूची सून मृणाली हात धरून म्हणाली, बरं झालं काकी, तुम्हीच बोललात.
मी काय बोलले?
असो. विनीतचं नाव वाचलं. आता राजरोस चौकशी करता येईल.

७ नोव्हेंबर
देवळातलं मुंबईला पोचलं, गंगारामने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. 'वाडीतल्या हौसाकाकींना मानसोपचाराची गरज आहे. जाणकारांनी संपर्क साधावा.' खाली हात जोडलेली चित्रं.
विनीत पण त्या ग्रुपवर आहे.
दुपारपासून फोन लावतेय. उचलत नाही.
संध्याकाळ. उचलत नाही. बांगडे तळले होते, मांजराला घातले.
चिडला असेल. नुसता चिडला असेल. दुसरं काही मनात आणायचं नाही.

८ नोव्हेंबर
ग्रुपवरून नंबर आला. मरियम मॅडम, मूळच्या हर्ण्याच्या, ठाण्यात बसतात. मराठीत चालतं. लगेच फोन केला, पेशंट मीच म्हटलं. झोप लागते का? विनीतला डोळ्यासमोर ठेवून सांगितलं, नाही. जेवण? दोन घास. कधीपासून? म्हटलं, फाल्गुनापासून.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, विनीतचं तर गणपतीनंतर सुरू झालं. फाल्गुनात हे गेले. चुकून तोंडातून गेलं.
बुधवारी चारला बोलावलंय. ऐनवेळी खुर्चीत विनीतला बसवायचं. माझं डोकं म्हणजे डोकं.
तो अजून फोन उचलत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी
अंगणात विनीत. रात्रीच्या गाडीने आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हात लावून बघितला, मग शिव्या घातल्या.
त्याला बुधवारचं गुपचूप सांगितलं. म्हणाला, मी काल जाऊन आलो, त्या इंग्रजीवाल्याकडेच. ग्रुपवर तुझं नाव वाचलं. आई चारचौघांत सांगते, मग मी कशाला लाजतोय. पण फोन घ्यायचा धीर नव्हता.
म्हटलं, मग बुधवारचा नंबर फुकट गेला.
म्हणाला, फुकट कसा? तुझ्या नावावर आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ठाणे
मॅडमना आल्या आल्या सांगितलं, मला काही झालेलं नाही, हे पोरासाठी नाटक होतं. त्यांनी मान हलवली. मग ह्यांचं नाव विचारलं. उखाण्यात सोडून कधी घेतलेलं नाही. घेतलं. काशीराम.
पुढचं नीट आठवत नाही. पदर ओला होता.
बाहेर विनीतने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही रे. बाई बिचारी एकटीच बसून असते, तिला कुणीतरी बोलायला हवं होतं. पुढच्या बुधवारी पण ये म्हणाली. नाही कसं म्हणणार?