कोळदरीच्या तलावावर मी गुडघा धरून बसले त्याची हकीकत

राजूरच्या अलीकडून, रविवार

माझी धाकटी, विसराळू, तरी लाडकी बहीण दुर्गाबाई हिला थोरल्या द्वारकाबाईचा पोटभर जयभीम.

कागद हातात घेऊन तू सुनंला विचारशील, ही द्वारकाबाई कोण? तर बाई, तुझ्याआधी त्याच आईच्या मांडीवर जी बसली होती ती. मागच्या महिन्यात तू माझ्याकडं राहून गेलीस (हे पण विसरली असशील) आणि जाताना एका पायात तुझी, एका पायात माझी चप्पल घालून शहागडला पोचलीस. मधी गाडी बदलली, चहा पिलीस, तरी पायांना काही वाटलं न्हाई. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण तुझं असं आहे की फोन खाली ठेवला की त्याच्यासंगं बोलणंही ठेवून देतीस. कागद असला म्हणजे सुनंकडून पुन्हा पुन्हा वाचून घेता येतो. अक्षर तुला न्हाई आणि मला न्हाई, म्हणून मी सांगून राह्यले आणि प्रीती लिहून राह्यली. तिला बजावलंय, मी म्हणते तसंच लिहायचं, आपलं शहाणपण कंसात सुद्धा घालायचं न्हाई. (एकदाच घालते. दुर्गाआजी, जयभीम. — प्रीती)

तुझी शुगर, तुझ्या सुनंचा राग आणि तुझ्या शेळीचा खोकला आता कसा आहे ते कळव. इकडं सगळे ठीक. माझ्या शिवाजीला बीपी आहे, पण ते त्याच्या आईमुळं आहे, औषधानं जायचं न्हाई. माझं म्हणशील तर तब्येत बिलकुल खणखणीत. गुडघे तर असे, की सोळा वर्षांच्या पोरीनं लग्नात मिरवायला उसने मागावेत.

आता हकीकत. प्रीतीला एक स्थळ आलं. (प्रीती म्हणजे माझी नात, शिवाजीची पोरगी, जालन्याच्या दवाखान्यात नर्स आहे. विसरू नको, तिच्याच हातचं वाचून राह्यलीस.) पोराचं नाव संघपाल, जालन्यातच इंजिनेर. आता पाहुण्यांना घरी बोलवावं, पोहे द्यावेत, पोरीनं खाली पाहावं आणि पाहुण्यांनी पंख्याकडं पाहावं, ही आपली सरळ रीत. पण ह्या दोघांनी आपसात ठरवलं की पोहे नको, डोंगरात जाऊ, तलावाच्या कडंकडंनं चालू, तीन धबधबे पाहू आणि चालता चालता बोलू. तलाव कोणता, तर कोळदरीचा! बहात्तरच्या दुष्काळात ज्याच्या भिंतीवर आपण दोघींनी मातीची टोपली टाकली तोच. आपल्याला तिथं पोटानं नेलं होतं. आता लोक भरल्या पोटानं, आपल्या खुशीनं जातात, घाम गाळून येतात आणि त्याला ट्रेक म्हणतात.

शिवाजीनं अट घातली, संगं मोठं माणूस पाहिजे. पोराकडून त्याची आत्या यायची ठरली, भावनाबाई म्हणून. शाळेत विज्ञान शिकवते आणि माणसाकडं असं पाहते जसा पेपर तपासायला घेतला. आपल्याकडून मी. सत्यशीला, माझी सून, मला म्हणली, आत्याबाई, तुमचे गुडघे? मी म्हणले, माझे गुडघे तुझ्या माहेरचे न्हाईत, ते चालतात.

निघायच्या आधी मी प्रीतीला बाजूला घेतलं आणि खूण ठरवली. आपल्यात जिथं पोरगी द्यायची न्हाई तिथलं पाणी पीत न्हाईत, हे तर तुला आईनंच शिकवलंय. तर मी म्हणले, पोरगा पसंत पडला तर त्याच्या बाटलीतलं पाणी पी. न्हाई पडला तर मला म्हण, आजी, आपलं पाणी दे. मंग मी गुडघा धरून मटकन बसते, सगळ्यांना माघारी फिरावं लागतं, आणि कोणाचं मन न दुखवता पाहणं तिथंच मोडतं. खूण बराबर होती. फक्त उन्हाच्या दिवसात, डोंगर चढताना, तहानेची खूण ठरवावी एवढी अक्कल मी कुठून आणली ते विचारू नको.

जीपनं डोंगराखाली उतरलो. आम्हाला सोडून जीप वळसा घालून पुढं तिसऱ्या धबधब्याच्या वाटंला जाऊन थांबायची होती. भावनाबाईच्या पायात पळायचे बूट. माझ्या पायात एक माझी आणि एक तुझी चप्पल. तिनं माझ्या पायाकडं पाह्यलं तशी मी म्हणले, सध्या राजूरकडं अशीच फॅशन आहे. ती हसली न्हाई. पहिला मार्क तिथंच गेला.

चैत्र तोंडावर आल्ता. पळस पेटलेले, तलाव अर्ध्यावर उतरलेला, काठाचा चिखल वाळून त्याच्या भाकऱ्या झालेल्या. पहिल्या धबधब्यापाशी पोचलो. धबधबा जागेवर होता, पाणी तेवढं न्हवतं. (ह्या दिवसात धबधबा पाहायला जाणं म्हणजे वऱ्हाड उठून गेल्यावर मांडव पाहायला जाणं.) खडकावर नुसता काळा पट्टा. पण संघपालनं पाणी कुठून येतं, कसं उडतं, खाली कसा आवाज होतो ते हात हलवून असं सांगितलं, आणि प्रीती अशी ऐकून राह्यली, की मला वाटलं हिचा पदर आता भिजतो. (ड्रेस होता, आजी. — प्रीती) (लिही मुकाट्यानं.)

तिथं मला तहान लागली. आपला कॅन माझ्याजवळ होता, पण तो खुणेचा. तो मीच उघडला आणि पोरीचा घोटाळा झाला तर? म्हणून मी मोठ्या हुशारीनं संघपालला म्हणले, बाबा, तुझी बाटली दे. त्यानं जल्दी काढून दिली. पाणी थंडगार, त्यात वाळा घातलेला. मी एक घोट घेतला, मंग दुसरा, मंग बाटली माझ्याशी बोलायचीच बंद झाली. जिथं पोरगी द्यायची का न्हाई हे ठरलेलं न्हाई, तिथलं पाणी मी आजी असून बूड वर करून संपवलं. भावनाबाईच्या बाटलीत जिऱ्याचा कडू काढा होता, तिच्या स्वभावाला शोभेल असा, तो कोणी मागायला गेलं न्हाई.

दुसऱ्या धबधब्याच्या कड्याला हे एवढं आग्या मोहोळ. तिथून आम्ही चौघं असे चालत गेलो जसं उधारी असलेल्या दुकानावरून जातात. पुढं चढ लागला. चढ संपला आणि प्रीती माझ्याकडं वळली आणि म्हणली, आजी, आपलं पाणी दे.

दुर्गे, माझ्या काळजाचं पाणी झालं. एवढ्या वेळात तो पोरगा मला आवडायला लागल्ता. पण खूण ती खूण. मी कॅन तिच्या हातात दिला आणि ‘अगं आई गं’ करून अशी बसले, की मागं सोडलेल्या मधमाश्या पुन्हा जाग्या होतात का काय असं सगळ्यांना वाटलं. प्रीती नर्स, म्हणून सगळ्यांनी तिलाच पुढं केलं. तिनं गुडघा दाबला, वाकवला आणि माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी पुटपुटली. मी अजून मोठ्यानं कण्हले. मला वाटलं, पोरगी म्हणून राह्यली, आजी, झकास! ती म्हणत होती, त्याची बाटली तूच संपवलीस, म्हणून तुला मागितलं, ऊठ. आता ह्यात माझी काय चूक? ज्या माणसाला ओरडायचं काम दिलंय त्यानं ऐकायचं कधी?

मी म्हणले, चला आता माघारी. पण घोटाळा असा, की माघारी जीपच न्हवती, ती पुढं गेल्ती. संघपालनं बूट घट्ट बांधले, माझ्यापुढं पाठ करून खाली बसला आणि म्हणला, आजी, बसा. आता बसावं तर सोंग वाढतं, न बसावं तर सोंग उघडं पडतं. मी बसले. आणि तुला खरं सांगते, त्या पोराच्या पाठीवरून मी कोळदरीचा तलाव पहिल्यांदा पाह्यला. आपण माती टाकत होतो तेव्हा टोपल्याखाली मान, नजर पायाशी. वरून तो असा दिसतो हे मला माहीतच न्हवतं. निळा पार डोंगराच्या पोटात शिरलेला, मधी पांढरे बगळे. आपली भिंत अजून सरळ उभी आहे. तू टोपलं टाकायला विसरायचीस तेवढ्या जागी थोडी दबलीय.

तिसऱ्या धबधब्याला, उंबराखाली, करंगळीएवढी धार चालू होती. राजूरहून टेम्पो करून आलेल्या बाया तिथं डबे सोडून बसल्या होत्या. संघपालनं मला अलगद खाली उतरवलं, आधी बाटली धारंखाली धरली आणि भरून प्रीतीला दिली. आणि बाई, पोरगी पिली! त्याच्या बाटलीतलं, गटागटा, आणि बाटलीवरून माझ्याकडं असे डोळे केले की मला सगळं लख्ख कळलं. पोरगा पसंत होता. मघापासून होता. (आता लिहिता लिहिता कानापर्यंत लाल झालीय. हे पण लिही.)

मंग माझा गुडघा मधीच लटकला. ज्या घरी नात द्यायची तिथल्या लोकांनी म्हणावं, आजी लुळी होती आणि हे लपवलं? मी एकच पळ विचार केला. जास्त केला असता तर पुढचं रामायण झालं न्हसतं. लुगडं वर घेतलं, धारंचं पाणी गुडघ्यावर घेतलं, ताडकन उभी राह्यले आणि म्हणले, अगं बाई, दुखणं गेलं की!

प्रीतीनं कपाळाला हात लावला. भावनाबाईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि टेम्पोतल्या बायांनी डबे टाकून गुडघे उघडे केले.

पुढच्या आठवड्यात लोक कॅन घेऊन त्या धारंला रांगा लावून राह्यले. उंबराला कोणीतरी लाल फडकं बांधलं. नारळ फुटले. माझ्या सासऱ्यानं घरातले देव, गंडे, दोरे सगळे सोडले, शिवाजी विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलतो, आणि त्याच्या आईच्या गुडघ्यानं डोंगरात नवा देव बसवला! शिवाजी माझ्याशी बोलेना. भावनाबाईचा निरोप आला, पोरगी आम्हाला पसंत आहे, पण ज्या घरची आजी चमत्कार करते तिथं सोयरीक करून मी शाळेतल्या पोरांना काय तोंड दाखवू? झालं. प्रीती जेवेना. (जेवले होते. — प्रीती) (अर्धी भाकर. त्याला जेवणं म्हणत न्हाईत.)

बिघडवलं मी, तर नीट करायला दुसरं कोण येणार? मी भावनाबाईला फोन लावून घेतला आणि म्हणले, रविवारी उंबरापाशी ये, तुझ्यासमोर सांगते. आणि मागच्या रविवारी गेले. तीच वाट, तेच ऊन, पाठ कोणाचीच न्हाई. रांगेपुढं उभी राह्यले आणि खणखणीत आवाजात म्हणले, लोकहो, ती पाठीवरून आलेली म्हातारी मीच. माझा गुडघा दुखत न्हवता. मी सोंग केलं होतं. हे पाणी साधं आहे, तहान लागली तर प्या, गुडघ्याला लावून सांडू नका.

मंग मागून एक म्हातारा म्हणला, ज्या बाईला उचलून आणली होती ती डोंगर चढून एकटी आली, पाहा रे! रांग दुप्पट झाली. एक बाई म्हणली, हिला पाणी एकटीलाच पाहिजे म्हणून खोटं बोलून राह्यली. दोघांनी तर माझ्या पाया पडायच्या ऐवजी गुडघ्यालाच हात लावले. मी ‘खोटं आहे, खोटं आहे’ म्हणून पाय आपटले, तर म्हणले, आता आपटता पण येतो!

भावनाबाई एका दगडावर बसली आणि हसायला लागली. आधी पदराआड, मंग उघड, मंग डोळ्यांतून पाणी. म्हणली, आजी, खरं सांगायला ह्या उन्हात एवढं चढून आलात, तुमच्या घरची पोरगी आम्हाला कोणी दुसऱ्यानं न्यायच्या आत पाहिजे. मंग तिनं हात पुढं केला आणि म्हणली, आता तुमचं पाणी द्या. मी कॅन दिला. ती पिली. ठरलं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेतली पोरं घेऊन जाणार आहे, धारंचं पाणी आणि नळाचं पाणी लोकांसमोर तपासून दाखवायला. लोक मानतील का ते लोक जाणोत. साखरपुडा वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आधी. तू यायचंस. तारीख सुनंच्या ध्यानात ठेव, तुझ्या नको.

लहानांना पापे, मोठ्यांना जयभीम, शेळीला गूळ.

तुझी थोरली,
द्वारका (अंगठा)

ता. क. संघपालला प्रीतीनं सगळं सांगितलं. तो म्हणला, मला ठाऊक होतं. आजींनी दोन्ही गुडघ्यांनी माझ्या बरगड्या अशा आवळल्या होत्या जसं घोड्यावर बसतात, दुखरा गुडघा असा आवळत न्हाई. मंग उतरवलं का न्हाई म्हणून विचारलं, तर म्हणला, उतरवलं असतं तर पाहणं तिथंच मोडलं असतं. पोरगा इंजिनेर आहे, पण हुशार आहे.

आणखी ता. क. आता मन लावून ऐक, खरं काम हे आहे. त्या दुसऱ्या चढाईत माझा डावा गुडघा खरंच गेला. वांग्याएवढा सुजलाय. लुगड्याआड झाकून बसून राहते आणि सगळ्यांना सांगते, लग्नघरातल्या बाईनं बसूनच हुकूम द्यायचे असतात. लंगडले तर शिवाजी मोठ्या दवाखान्यात नेऊन गुडघाच बदलून आणील, आणि गावाला कळलं तर लोक उचलून मला त्याच धारंखाली नेऊन बसवतील. प्रीतीला शपथ घातलीय. (शपथ घेतली न्हाई, रोज शेकून देते. — प्रीती) तर तू डिंकाचे लाडू कर, खारीक, खोबरं आणि मेथी घालून, आणि येणाऱ्या माणसाच्या हाती जल्दी धाड. वरती कुरडयांचा थर रच, म्हणजे कोणी उघडलं तरी साखरपुड्याचं सामान दिसल. मेथी हात सोडून घाल, कडूझार होऊ दे, शिवाजी एकच खाऊन बाकीचे मला ठेवील.