पाहुण्याला काम सांगत नसतात

पुणे,
३० जुलै २०२५

तीर्थरूप आबांस,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

आई गेली त्या वर्षी तुम्ही म्हणाला होता, की दुसऱ्याच्या हातची आंघोळ माणसाच्या नशिबी दोनदाच, जन्मल्यावर आणि मेल्यावर; मधल्या सगळ्या आपल्या आपण करायच्या. तेव्हा मी हसले होते. आता खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही मधल्याही करत नाही, असं शेजारच्या गेनूकाकांकडून कळलं. डॉक्टरांनी दिलेल्या वॉकरवर घोंगडी वाळत घातली आहे, हेही कळलं.

मोबाईलवर तुम्ही सगळ्याला व्हय व्हय म्हणता आणि मग आपलंच खरं करता, म्हणून हे कागदावर. पुण्याला यायला तुम्ही तयार नाही. तर सोमवारपासून नसरापूरचा जहांगीर रोज सकाळी घरी येईल. रुग्णसेवेचं शिक्षण घेतलेला, चाळिशीचा, शांत माणूस आहे. तो तुम्हाला उठवेल, चालवेल, चहा-जेवण बघेल. दसऱ्यापर्यंत तुम्ही आपल्या पायांनी शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत गेलात, तर पालीतच राहा, मी परत विषय काढणार नाही. नाही गेलात, तर गाडी घेऊन येईन आणि इथे आणीन. तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे.

रागवा खुशाल, पण लोभाला हात लावू नका.

तुमची,
दिपाली


पाली,
१३ ऑगस्ट

चि. सौ. दिपालीस,
अ. उ. आ.

तुझा माणूस आला. माणूस चांगला हाय, पर कामाचा न्हाई.

पैल्या दिशी चिंब भिजून दारात उभा. कुणाचा म्हणून इचारलं, तर बाबालाल मुलाणीचा पोरगा निघाला. भोरच्या बाजारात बाबालाल माझ्याकडनंच बोकड न्यायचा. आता वळखीच्या घरचं माणूस दारात आल्यावर त्याच्या हातात झाडू कसा देऊ? बस म्हणलं. तर तो बसलाच! मग च्या कोण करणार? घोंगडी काढली आन तुझ्या त्या वॉकरला धरून म्या गॅसपर्यंत गेलो.

तवापासनं रोज त्येच. जेवायला बसला की भाकरी वाढा, कालवण वाढा. वर मीठ मागतो. मिठाचा डबा पार तिकडच्या फळीवर. पाहुण्याला ऊठ आन घे म्हणायची रीत आपल्यात न्हाई, त्यामुळं उठायचं म्याच. गेनू दात काढतोय. म्हणतो, लेकीनं चाकर धाडलाय का जावई?

नुसतं बसायचंच काम आसंल तर ते मला बी येतं. दुसरा माणूस बघ.

जावयांस आशीर्वाद. आमचा लोभ हितंच हाय, कुठं जातोय.

बाजी


नसरापूर,
२० ऑगस्ट

सौ. दिपालीताईंना,
जहांगीरचा सलाम वि. वि.

तुमचं रागाचं पत्र मिळालं. बसायलाच जात असाल तर उद्यापासून जाऊ नका, असं लिहिलंत. वाजवी आहे. आबांच्या घरून फोन केला असता, पण त्यांना ऐकू येत नाही हा तुमचा समज आहे. त्यांना पाहिजे ते सगळं ऐकू येतं.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी काही युक्ती केली नाही. वडापच्या जीपमधून उतरून पावसात चढ चढलो होतो, दमलो होतो. बस म्हणाले म्हणून बसलो. तर समोरून चहा येतोय आणि चहाबरोबर आबा चालत येतायत! मागाहून गेनूकाकांनी सांगितलं, की महिनाभर हे खाटेवरून उठले नव्हते. चला, चालू या म्हटलं की आबांचा पाय दुखतो. मीठ कमी आहे म्हटलं की दुखत नाही.

म्हणून बसतो. ताई, हे बसणं सोपं नाही. ते उठले की माझा जीव अर्धा होतो. डोळे त्यांच्या पायावर, हात तयार, आणि तोंडावर जावयाचा रुबाब. मिठाचा डबा रोज थोडा लांब सरकवून ठेवतो. कालवण खरं तर खारट असतं.

मोरीत धरायला दांडी बसवली, आत स्टूल ठेवलं. आबा आंघोळ करतात, मी बाहेर पाठ करून बसतो आणि बोकडांचे भाव विचारतो. आबांचा आवाज थांबला तरच आत जायचं, असं मनाशी ठरवलंय. अजून वेळ आली नाही. दुपारी पायाला तेल लावू देतात, पाहुण्याचा हट्ट मोडवत नाही म्हणे.

आबांना यातलं काही कळवू नये. राग निवला की थोडा लोभ आमच्याकडेही पाठवावा.

जहांगीर मुलाणी


पाली,
३ ऑक्टोबर

चि. सौ. दिपालीस,
अ. उ. आ.

जहांगीरला तू खरमरीत लिवलंस म्हणं. इतके दिस बोलला न्हाई, काल बोलला. घरच्या पाहुण्याला आसं लिवत्यात व्हय?

आन आमाला काय कळत न्हाई का? डबा काय आपल्या पायानं फळीवर फिरतोय? समदं कळत व्हतं. पर तू आबा चाला म्हणलीस की म्या म्हातारा हुतो. तो मीठ वाढा म्हणला की म्या घरधनी हुतो. एवढाच फरक.

काल दसऱ्याचं सोनं घेऊन गोठ्यापर्यंत गेलो. वॉकर न्हाई, काठी. पैलं सोनं शेळीनं खाल्लं. तिथनं गेनूच्या दारात जाऊन त्याला सोनं दिलं, तर त्याचे दात आत गेले. जहांगीर मागं मागं व्हता, पर हात धरला न्हाई.

तवा गाडी धाडू नको. ती खोली भाड्यानं दे. जहांगीरला आठवड्यातनं दोनदा तरी येऊ दे. पाहुणा एकदम तोडू ने.

लोभ वाढला तर चालंल, आमची ना न्हाई.

बाजी


पुणे,
९ ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसले, आणि मग त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन जरा वेळ बसले. मी हरले, आणि मला हरायचंच होतं, हे तिथे बसल्यावर कळलं. भाड्याने मात्र देणार नाही.

जहांगीरची माफी मागितली. तो म्हणाला, रागाचं काही नाही, पण आबांच्या हातचं खाऊन पँट घट्ट झाली, त्याचं काय करायचं ते सांगा. मंगळवार आणि शुक्रवार त्याने कबूल केले आहेत. तुमच्या घरात तुमची काळजी घेणारं कुणी आहे, आणि ती घेतली जातेय असं तुम्हाला वाटतही नाही, याहून मी काय मागणार?

तरी एक आहेच. लेकीनं बापाच्या पायाला हात लावायचा नसतो, म्हणून दवाखान्यातही तुम्ही पाय चादरीखाली ओढून घेतला होता. जहांगीर तेलाचं लिहितो तेव्हा मला बरं वाटतं, आणि त्याचा हेवाही वाटतो. त्याच्यासारखं निवांत बसून मीठ मागणं मला कधी जमणार नाही. म्हणून सरळच विचारते. तुम्ही नको म्हणाल, तेही अक्षरन् अक्षर मला ठाऊक आहे. पण दिवाळीला मी येतेय, आबा. त्या पहाटे तुमच्या पायाला तेल मला लावू द्या.

तुमची,
दिपाली