पहिली भाषा कुठली

बाई,

आमच्या कॉलेजात दोन महिने एकच भांडण चाललं होतं आणि त्यात मी तुम्हाला ओढलं. ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. भांडण भाषेवरून होतं. मराठी-इंग्रजी नव्हे, ते आपल्याकडे चालूच असतं. संगणकाच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅम लिहायला आधी कुठली भाषा शिकवायची, सी की पायथॉन, हा प्रश्न होता. सी म्हणजे जुनी, कडक, नियमांची. पायथॉन नवी, जरा मोकळी. आमचे विभागप्रमुख सर सीच्या बाजूचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि त्यांचं म्हणणं एकच, "पोरांना पहिल्या वर्षी घाम फुटला पाहिजे. नाहीतर तिसऱ्या वर्षी ती आपल्याला घाम फोडतात." पायथॉनच्या बाजूला आमची नवी मॅडम, डोंबिवलीची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि वादात कधीच आवाज न चढवणारी, त्यामुळे फारच त्रासदायक. प्राचार्यांना यातलं काहीच नको होतं. प्रवेशाच्या वेळी एका मुलाच्या वडिलांनी त्यांना विचारलेलं, "ती एआयवाली भाषा आहे ना तुमच्याकडे?" तेव्हापासून ते प्रत्येक मीटिंगमध्ये आम्हाला तेच विचारत होते.

मी सीच्या बाजूची. एकोणीस वर्षं तीच शिकवते आहे. माझ्या नोट्स मी लॅमिनेट करून ठेवल्यात, यावरून काय ते समजा. शेवटच्या मीटिंगला ती मॅडम शांतपणे म्हणाली, "पहिल्या तासाला मुलांना आपलं काहीतरी चाललेलं दिसलं पाहिजे." तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हणाले, "ठाकुर्लीच्या शाळेत मला ज्यांनी संगणक शिकवला त्या बाई नेहमी म्हणायच्या, पहिली भाषा अवघडच असावी, म्हणजे पुढच्या सगळ्या सोप्या जातात." बाई, तुम्ही असं कधीही म्हणाला नव्हतात. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अशी माणसं आता नाहीत." गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? मॅडमने मान खाली घातली आणि सी मंजूर झाली. मिनिट्समध्ये तुमचा उल्लेख 'एक जुन्या जाणत्या शिक्षिका' असा आहे.

तुम्ही खरं काय म्हणाला होतात ते मला चांगलं आठवतं. तुम्ही गणिताच्या बाई. कुठल्याशा कंपनीने शाळेला दोन जुने संगणक दिले आणि हेडसरांनी तुम्हाला आठ दिवस ठाण्याला शिकायला पाठवलं. परत आलात त्या दिवशी आम्ही चपला बाहेर काढून, पाय पुसून त्या खोलीत रांगेने बसलो होतो. तुम्ही मशीनवरचं फुलाफुलांचं कापड बाजूला केलं आणि म्हणालात, "हे मला येत नाही. आठ दिवसांतले दोन चहापाण्यात गेले. तुमच्यापेक्षा एक धडा पुढे आहे मी, तेवढीच." आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. कुठल्या बाईंना काही येत नसू शकतं, ही बातमीच होती आमच्यासाठी.

दोनातलं एक मशीन सुरूच होत नसे आणि आम्ही चाळीस जणी. म्हणून तुम्ही आम्हालाच मशीन केलंत. भाषा होती बेसिक, तिच्यात ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर. एकेक मुलगी एकेक ओळ. ओळ दहा खिडकीपाशी, ओळ वीस फळ्यापाशी, आणि एक मुलगी कंपासपेटीत आकड्याची चिठ्ठी घेऊन या ओळीकडून त्या ओळीकडे जाणार. एके दिवशीचा प्रोग्रॅम माझा आहे. एकपासून दहापर्यंत मोजायचं, एवढंच. कंपासपेटीवाली फिरते, प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. दहा झाले, अकरा झाले, सतरा झाले. मधली सुट्टी झाली. मुली तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही खुर्चीत बसून स्वेटर विणताय. "बाई, डबा," ओळ तीस म्हणते. "मशीनला डबा नसतो," तुम्ही म्हणता. त्रेपन्नला हेडसर दारात आले. "काय चाललंय हे?" तुम्ही उठून उभ्या राहिलात. "प्रोग्रॅम अडकलाय, सर. थांबायची ओळ लिहायची राहिलीय." आणि माझ्याकडे वळून, "जा, लिही. तुझ्यामुळे चौघी उपाशी आहेत." मी धावत जाऊन ओळ लिहिली. त्या चौघी मग आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

असो. जुलैमध्ये मी पहिल्या वर्षाला सी शिकवायला घेतली. पडद्यावर नुसतं 'नमस्कार' उमटवायचा प्रोग्रॅम. पुढच्या बाकावर कल्याणजवळच्या मोहने गावातून येणारी एक मुलगी बसते, शाळा पूर्ण मराठी माध्यमातून झालेली. तिने हात वर केला. "मॅडम, ही पहिली ओळ कशासाठी?"

"ते नंतर कळेल."

"आणि दुसरी?"

"तेही नंतर."

"हा कंस?"

"तो आत्ता नुसता लिही गं."

तिने वहीत बघितलं, फळ्याकडे बघितलं. "मॅडम, मग आज काय कळणार?"

वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? पुढच्या आठवड्यात एक मुलगा ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरला आणि स्क्रीनभर चुकांची यादी आली. "मॅडम, एवढ्याशासाठी इतकं कोण बोलतं?" मागून कुणीतरी म्हणालं, "माझी आई." असे दिवस मजेत गेले, पण वर्ग पातळ होत गेला आणि ऑगस्टच्या शेवटी ती मोहन्याची मुलगी एक फॉर्म घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिला कॉमर्सला जायचं होतं. माझी सही हवी होती.

"का गं?"

"मला डोकं नाहीये यासाठी."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तुम्ही म्हणालेलात ना, नंतर कळेल. दीड महिना झाला, मॅडम."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता हो. तिने हिशोब सरळ स्वतःच्या डोक्याशी लावला होता. मी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. म्हटलं, सोमवारी ये.

ती गेल्यावर मला तुमचा कल्याणचा पलंग आठवला. शेवटच्या आजारात तुम्ही मुलीकडे होतात, मी भेटायला आले होते. तुम्ही विचारलंत, "हल्ली कुठली भाषा शिकवतेस?" मी म्हटलं, सी. "ती मला येत नाही. थोडी सांग की," म्हणालात. उशाशी वही होती, पेन्सिलही. मी म्हटलं, "बरं वाटू दे बाई, नंतर सांगते." मला वर्गावर जायचं होतं.

त्या शनिवारी मी नव्या मॅडमच्या लॅबमध्ये जाऊन पायथॉन शिकायला बसले. एकोणीस वर्षांची सवय. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा हात अर्धविराम देतोच. पायथॉन त्याला हरकत घेत नाही, घरी आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याला सांभाळून घ्यावं तसं घेते. पण महिरपी कंस टाकले की रुसते, आणि ओळ समासापासून जरा इकडेतिकडे सरकली तर अजिबात चालत नाही. मॅडम तासाभराने म्हणाली, "मॅडम, इतकं सोपं शिकायला इतके कष्ट घेतलेलं मी कोणाला पाहिलं नाही."

सोमवारी ती मुलगी फॉर्म घेऊन आली तेव्हा मी लॅबमध्ये एका दहा ओळींच्या प्रोग्रॅमशी झगडत होते. ती मागे उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ही ओळ बघा ना. रांगेतून बाहेर आलीय."

बघितलं तर खरंच, एक जागा जास्त सुटली होती. ती काढली आणि प्रोग्रॅम चालला.

"तुम्हाला हे येत नाही?"

"नाही."

"खरंच नाही?"

"दोन दिवस झाले फक्त. तू काय शिकलीस यातलं?"

"काहीच नाही. ओळ तिरकी दिसली म्हणून म्हटलं." ती इतकी खूश झाली की विचारू नका. स्टूल ओढून शेजारी बसली. जाताना फॉर्म न्यायला विसरली की मुद्दाम ठेवून गेली, मी विचारलं नाही.

म्हणून पायथॉन थोर आणि सी वाईट, असं नाही हं. महिनाभर माझ्याशेजारी बसून पायथॉन शिकल्यावर तीच मुलगी विचारायला लागली, "पण मॅडम, मशीनच्या आत नक्की काय होतं?" आणि मग सीची ती पहिली ओळ मी तिला सांगितली. पंधरा मिनिटांत समजली तिला. सांगायला एकोणीस वर्षं मला वेळ मिळाला नव्हता.

दिवाळीच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, पुढच्या वर्षी आधी पायथॉन घेऊ, सी दुसऱ्या सहामाहीत. आणि आमच्या बाई तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या."

सरांनी पुन्हा चष्मा काढला. "मग काय म्हणायच्या?"

"म्हणायच्या, मला येत नाही."

"हे मिनिट्समध्ये कसं लिहायचं?"

शेवटी 'जुन्या जाणत्या शिक्षिकांच्या मताचा फेरविचार करून' असं लिहिलंय. प्राचार्यांनी पुन्हा विचारलं, "हीच ना ती एआयवाली?" नवी मॅडम म्हणाली, "हो सर." सही झाली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही शुद्धलेखन तपासून परत पाठवलं असतंत. पाच पानं हाताने लिहिली आहेत, बोटं दुखतायत. खरं तर आधी संगणकावरच लिहायला बसले होते. पण बाई, मराठी टाइप करायला मला येत नाही. 'ज्ञ' कुठे असतो तेच सापडलं नाही.