आईच्या घरावरची सही

लेक चार्ल्स, लुइझियाना

अल्साइड,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. तुरुंगातून तू फोन केलास, "ताई, नुसती सही तर करायचीय!" पैसे घेऊन आरोपींचा जामीन भरण्याचा धंदा करणारा रेमंडही तेच म्हणाला. कायद्याने त्याने मला एकेक अट समजावून कागदाची प्रत द्यायला हवी होती. त्याने यातलं काहीच केलं नाही. तू कोर्टाच्या तारखेला हजर न होता पळालास, तेव्हा कळलं, की तुझ्या जामिनासाठी मी माझ्या नावावर आलेलं आईचं घर तारण लिहून दिलंय.

काल न्यायाधीशबाईंनी रेमंडला झापलं. "अटी लपवून घेतलेली सही मी मानणार नाही." घर वाचलं. बाहेर आल्यावर तो माझ्यावरच खेकसला, "तुमच्या भावाला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं माझ्याच ऑफिसात हेच कागद भरायचा तो!"

परक्याने फसवलं, त्याच्याशी मी कोर्टात भांडले. तुझ्याशी कुठे भांडू, नालायका?

तू ह्यूस्टनला मावशीकडे लपलायस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रक्ताचा म्हणून गप्प बसले. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, कारण तुला सावध करायचं नाहीये. आज सकाळी मी पोलिसांना पत्ता दिलाय.

डेल्फीन ब्रूसार्ड