आडनाव नको, हात सांगा

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

पारमितानं आज मला भरती करून घेतलं. विचारलंसुद्धा नाही! निपाणीहून फोन – "आत्त्या, तुझं खातं काढलंय. आता ओळख लिही."

पारमिता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बुद्धप्रियची मुलगी. नोकरी सांभाळून तिनं इंटरनेटवर 'तिकटी' नावाची जागा काढली आहे. कंपनी नाही, मालक नाही, जाहिराती नाहीत. अशा लहान लहान जागा म्हणे जगभर हजारो आहेत. प्रत्येकीचं यंत्र वेगळं, नियम वेगळे, पण सगळ्या एकमेकींशी बोलतात. तिकटीचं यंत्र म्हणजे बुद्धप्रियच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला जुना कॉम्प्युटर. सभासद एकोणचाळीस. मी चाळिसावी.

नियम एकच. नव्या माणसानं नाव सांगायचं आणि हातानं काय करता येतं ते सांगायचं. आडनाव नको, गाव नको, नोकरी नको.

"का गं?"

"आडनाव सांगितलं की पुढचं सगळं लोकच भरून टाकतात, आत्त्या."

खरं आहे. चौतीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. प्रत्येक नव्या संपादकानं माझं आडनाव दोनदा विचारलं. एकदा ऐकायला, एकदा खात्री करायला.

मग जुन्या ओळखी वाचत बसले. "मी सौरव. एका हातानं अंडं फोडतो." "मी जोतिबा. म्हशीच्या कासेला हात लावून सांगतो, आज किती दूध देणार." "मी युवराज. हातानं काही येत नाही, बँकेत आहे." त्याखाली पारमिता – "नोकरी सांगितलीस. बाद!"

एकटीच मोठ्यानं हसले. आई शेजारीच बसली होती. का हसतेस, असं तिनं विचारलं नाही. नुसतं बघितलं.

हेच तर दुखणं आहे. मी निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत आईला निपाणीहून इथं बेळगावात, अनगोळला आणलं, त्याला चौदा महिने झाले. ब्याऐंशी वर्षांची बाई, तब्येत ठणठणीत, आणि बोलणं "व्हय" आणि "न्हाय" एवढंच. खिडकीशी बसते. निपाणीत हिची गल्ली हिच्या आवाजानं जागी व्हायची! बुद्धप्रियनं परवा सांगितलं – "आक्का, चौदा ऑक्टोबरला येतो गाडी घेऊन. तवर काय फरक पडतोय बघू. न्हाय तर ठरवू."

ठरवू म्हणजे घेऊन जाणार. मला ते नको आहे. मला माणसं लागत नाहीत, कधीच लागली नाहीत. पण आई पाहिजे.

छत्तीस दिवस. ठीक आहे. मुदत दिली की मी काम करते.

बुधवार, १०

माझी ओळख – पाचशे अक्षरांची जागा. अर्धा तास बसले. एक अक्षर नाही!

पारमिता म्हणाली, "मग तू नव्या लोकांचं स्वागत कर. तुझं जमेल तेव्हा लिही." केली सुरुवात. पाच जणांना "या, बसा" म्हटलं. गंमत वाटली.

शनिवार, १३

घोटाळा केला.

रवळू नावाचा नवा माणूस आला. बांबूची डालगी विणतो – कोंबड्या झाकायची मोठी टोपली. ओळख लांबलचक. बांबू कधी तोडायचा, चंद्र कसा बघायचा, वडील कसे मारायचे, पाऊस, पुन्हा बांबू. मी काय केलं? सवयीनं कापली! दोन ओळींत बसवली आणि खाली लिहिलं, "अशी अधिक परिणामकारक होईल."

त्यानं लिहिलं, "बाई, तुम्ही माझं डालगंच उसवलंत." आणि स्वतःची ओळख खोडून टाकली.

पारमिताचा फोन – "आत्त्या, ही बातमी न्हाय. माणूस हाय."

एकोणसाठाव्या वर्षी कान धरून उभं केलं पोरीनं. बरोबरच केलं.

सोमवार, १५

इथं खोडलेलं दुसऱ्या यंत्रावर कधीकधी तसंच राहतं! गोव्याच्या एका जागेवरच्या बाईंनी मला रवळूची अख्खी ओळख पाठवली. "हे तुमच्याकडून गेलंय, आमच्याकडे आहे." सावकाश वाचली. एक शब्द काढण्यासारखा नव्हता. रवळूला पाठवून माफी मागितली. संध्याकाळी त्यानं पुन्हा टाकली – आणि वडिलांवर आणखी चार ओळी वाढवून! माझ्यावर सूड असावा.

गुरुवार, १८

सुचलं! आईचं खातं काढायचं. तिचे हात काय कमी आहेत?

दुपारी बसून तिची ओळख लिहिली. तिला वाचून दाखवली – "शेवंताबाई या निपाणीतील ज्येष्ठ विडी कामगार. त्यांनी प्रतिकूल परिस्थितीत दोन मुलांना उच्चशिक्षण दिले. मनमिळाऊ स्वभावामुळे त्या परिसरात सुपरिचित –"

आईनं मान वर केली. "मी मेलो काय गं?"

मी थांबले. वाचून बघितलं. देवा! 'त्यांच्या पश्चात' तेवढं लिहायचं राहिलं होतं. चौतीस वर्षं रोज निधनवार्ता लिहिल्या, हात आपोआप तिकडेच वळला.

आणि आई हसली. दात नसलेलं तोंड उघडून, पदर तोंडावर न घेता. "फुलं कवा आनतीस?" म्हणाली.

चौदा महिन्यांतली पहिली पूर्ण वाक्यं.

शुक्रवार, १९

आज आईनं सांगितलं, मी फक्त टाइप केलं. एक काना इकडचा तिकडे केला नाही. शपथ!

"मी शेवंता. मला डोळं झाकून विडी वळता येती. दिसाला हजार. लाखांनी वळल्या, वडली एक बी न्हाय. तुमास्नी काय येतंय?"

कापू गेले असते तर शेवटचा प्रश्न कापला असता. सगळी उत्तरं त्या प्रश्नालाच आली!

रविवार, २१

दोनशे बारा उत्तरं. दोनशे बारा!!

निपाणीतलीच सतरा माणसं निघाली. एक इंजिनिअर – "माझी आजी पण. आमच्या घरी कुणी बोलत नाही त्यावर." एक कलेक्टर ऑफिसातली – नोकरी सांगितली म्हणून पारमितानं दोघांनाही बाद केलं, मग हिनं लिहिलं, "बरं, मी वळलेल्या विड्यांना दोरा बांधायचे." सोलापूरकर आले आणि कुणाची विडी घट्ट यावर भांडण जुंपलं. आई सांगते, मी लिहिते. "त्येला म्हनावं, तुजी विडी भेंडीसारखी दिसती."

मग केरळमधल्या कुठल्याशा यंत्रावरून एक बाई. तिची आजी विडीच्या कारखान्यात होती. बाकीचे वळायचे तेव्हा एकजण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. तुमच्याकडे असं होतं का?

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "हुतं की. ही वाचायची."

कोण ही?

"तूच की गं. आट वर्साची हुतीस. आमी बाया वळायचो, तू मदी बसून वाचायचीस. आनि निम्मं गाळायचीस! 'ह्यात काय दम न्हाय, फुडचं वाचतो' म्हनायचीस. शामूची आई चिडायची. तिला सगळं पायजे असायचं."

मला काहीच आठवत नव्हतं. ती सांगायला लागल्यावर तंबाखूचा खकाणा नाकात गेल्यासारखा झाला. मांडीवरची सुपं, कात्र्यांचा आवाज, आणि मी मध्ये. मला वाटायचं, कॉलेज संपल्यावर मी या कापाकापीच्या धंद्यात आले!

सोमवार, २२

सकाळपासून तिकटी बंद! पन्नासच्या वर माणसं अंधारात. आई तर बेचैन – "बग की गं, आलं काय." दोन तासांनी पारमितानं उलगडा केला. बुद्धप्रियनं चटणी वाटायला मिक्सर लावला, आणि त्यासाठी फ्रिजवरच्या यंत्राची पिन काढली.

आईनं फोन हिसकावून घेतला. "व्हय रं, तुज्या चटनीपायी माजी मानसं बंद केलास?"

माझी माणसं म्हणाली. लिहून ठेवते.

रविवार, २८

लोकांना आईचे हात बघायचे आहेत. पण अनगोळात विडीची पानं कुठून आणू? आईनंच तोड काढली – वहीचा कागद आणि चहापूड. कात्रीनं कागद पानासारखा कापला, सूप नव्हतं म्हणून परात मांडीवर. डोळे मिटले. चिमूट, गुंडाळी, नखानं टोक आत, दोरा. माझा मोबाइल नीट धरेपर्यंत तीन झाल्या! हातांना वय नव्हतं. खांद्यापासून खाली बाई तिशीतली.

चहाच्या बावीस विड्या झाल्या. रात्रीच्या चहाला पूड उरली नाही. दोघी हसत पाणी प्यालो.

रविवार, ५ ऑक्टोबर

बेळगावातल्या तिकटीकरांना आज घरी बोलावलं. मी! घरी! सहाच कप निघाले, त्यातला एक बिनकानाचा.

पाच जण आले आणि दहा मिनिटं कुणालाच बोलता येईना. ओळख करून घेताना आपण जे विचारतो ते सगळंच बंद! त्यातल्या सौम्यानं तोंड उघडलं, "तुम्ही कुठल्या –" आणि मिटलं. शेवटी सौरवनं एका हातानं अंडं फोडून दाखवलं. अंडं शर्टावर. मग सुटली सगळी.

रवळू आला, पाठीवर हे एवढं डालगं. कुठून आला हे विचारायचं नाही. खिशातून कणकुंबीच्या बसचं तिकीट डोकावत होतं, ते सगळ्यांनी बघितलं आणि सगळे भिंतीकडे बघायला लागले! डालगं माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "बाई, आता कापा बघू ह्यातली एखादी काडी." माझा चेहरा बघून स्वतःच हसला.

"कोंबड्या नाहीत हो माझ्याकडं."

"मग मानसं झाका. पळून जात न्हाईत."

जाताना सगळ्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता? मी पाच म्हटलं. विचार न करता म्हटलं.

आई दाराशी उभी राहून सगळ्यांना बघत होती. नंतर विचारलं, "ही मानसं येत ऱ्हातील न्हवं गं?" म्हटलं, तुझ्यासाठी येतात, येतीलच. मग ती भांडी घासताना गुणगुणत होती.

गुरुवार, ९

जमली. माझी ओळख.

"मी उपासना. माझ्या हातात कात्री आहे. आधी तिनं आई विडीची पानं कापायची, मग मी दुसऱ्यांची वाक्यं. आता ठेवून द्यायला शिकते आहे. विडी मात्र अजून वळता येते – वेडीवाकडी."

टाकली आणि स्वयंपाकघरात पळाले! बातमीवर पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हाही इतकी धडधड नव्हती. परत येऊन बघते तो साठ जण. रवळू – "लई आखूड झालीया. वाढवा." सकाळपासून तीन फोन, एक आमंत्रण, आणि युवराज म्हणतो बँकेतून सुटल्यावर विडी वळायला शिकवा.

आई – "किती जन बोलली तुज्याशी?"

"साठ."

"घरी येनारी किती?"

"आठ-नऊ तरी."

"बरं झालं," म्हणाली. मग पुन्हा, "लई बरं झालं."

सोमवार, १३

उद्या बुद्धप्रिय येणार. जिंकलेच मी! येऊ दे त्याला. आई दिवसभर बडबडते, दोन वेळा पोटभर जेवते, सोलापूरकरांशी भांडते. अजून काय फरक पाहिजे? काम पुरं, तेही मुदतीच्या आदल्या दिवशी. खिरीला दूध आणून ठेवलं. आईची पांढरी साडी इस्त्री केली.

मंगळवार, १४

विहारात धम्मचक्र दिनाची वंदना झाली. घरी खीर. बुद्धप्रियला बसवून सगळं दाखवलं – ओळखी, उत्तरं, परातीतल्या हातांचा व्हिडिओ. तो माझ्याकडेच बघून हसत होता. म्हणाला, "आक्का, तू लई बोलाय लागलीस."

आई आतून आली. हातात तिची पिशवी, कपडे भरलेले.

बुधवार, १५

आई निपाणीला गेली. गाडीत बसताना म्हणाली, "कामाला हुतीस तवा बरी हुतीस. घरात बसलीस आनि गप झालीस. व्हय-न्हायच्या पलीकडं बोलेनास. म्हनून आलतो मी. तू बोलेनास, मग मी तरी कुनाशी बोलू? आता तुला मानसं गावली, माजी मला बगू दे."

म्हणजे मुदत आईची नव्हती. माझी होती.